डेव्हिडचे संवाद

रायपूरला मरीन ड्राइव्ह आहे. तेलीबांधा तलावाच्या काठाला लोक याच नावानं ओळखतात. संध्याकाळी तिथं गर्दी असते, मुलं आइस्क्रीम खातात, दिव्यांचं प्रतिबिंब पाण्यात हलतं. खरा समुद्र इथून शेकडो किलोमीटर लांब आहे. आमच्या कॉलनीतल्या बहुतेक मुलांची नौकानयनाची कल्पना बूढ्या तालाबातल्या पायडलच्या बोटीपाशी संपते. त्यामुळे दोन हिवाळ्यांपूर्वी मी जेव्हा म्हटलं, की आपण गच्चीवर एक रात्र १८६४ सालच्या युद्धनौकेवरचे खलाशी होऊन काढू, तेव्हा एका मुलाच्या आईनं साहजिकच विचारलं, “समुद्राचं नाटक रायपुरात कशाला? आणि तेही अमेरिकेच्या यादवीचं?”

त्या वेळी मी काहीतरी उत्तर दिलं. नीट उत्तर आता देते आहे.

मी तेव्हा राफेल सेम्सच्या आठवणींमधल्या काही भागांचा मराठी अनुवाद करत होते. सेम्स हा अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूनं लढलेला नौदल अधिकारी, ‘अलाबामा’ या जहाजाचा कप्तान. त्याच्या आठवणींचं जाडजूड पुस्तक १८६९ साली प्रसिद्ध झालं. माणूस पेशानं वकीलही होता आणि ते वाक्यावाक्यातून जाणवतं. आपली बाजू तो इतक्या सफाईनं मांडतो, की अनुवाद करताना आपणही नकळत त्याचे कारकून होतो.

‘अलाबामा’ची कहाणी थोडक्यात सांगायला हवी. इंग्लंडमध्ये बर्कनहेडच्या लेअर्ड कंपनीच्या गोदीत हे जहाज बांधलं गेलं आणि मे १८६२ मध्ये पाण्यात उतरलं. इंग्लंड तटस्थ होतं, म्हणून तोफा आणि दारूगोळा चढवला गेला तो अझोर्स बेटांजवळ. तिथंच ऑगस्टमध्ये त्यावर दक्षिणेचा झेंडा लागला. शिडं आणि वाफेचं इंजिन, दोन्ही होतं. कोळसा वाचवायचा असेल तेव्हा पंखा पाण्याबाहेर उचलून घेता येई. अधिकारी बहुतांशी दक्षिणेतले, खलाशी मात्र बरेचसे लिव्हरपूलकडचे ब्रिटिश, दुप्पट पगाराच्या आणि लुटीतल्या वाट्याच्या आशेनं आलेले. सुमारे बावीस महिन्यांत या जहाजानं उत्तरेची साठाहून अधिक व्यापारी जहाजं पकडली आणि त्यांतली बहुतेक जाळली. ज्या देशासाठी ते लढत होतं, त्याच्या एकाही बंदरात ते कधी गेलं नाही. १९ जून १८६४ रोजी फ्रान्समधल्या शेरबूर्गच्या समोर उत्तरेच्या ‘किअरसार्ज’नं त्याला बुडवलं. किनाऱ्यावर ती लढाई बघायला माणसं जमली होती.

यात आपला काय संबंध? संबंध कापसाचा. दक्षिणेची बंदरं उत्तरेनं १८६१ च्या एप्रिलपासून नाकेबंदी करून अडवली, तेव्हा इंग्लंडच्या गिरण्यांना लागणाऱ्या कापसाचा मुख्य पुरवठा आटला. मुंबईत कापसाला सोन्याचा भाव आला. हिंगणघाटचा, अमरावतीचा कापूस बैलगाड्यांनी पश्चिमेकडे निघाला. नागपूरपर्यंत रेल्वे यायला १८६७ उजाडायचं होतं. विदर्भात कपाशीनं ज्वारी-गव्हाची जमीन खाल्ली, धान्य महागलं, आणि आमच्या छत्तीसगडचं धान्य बंजाऱ्यांच्या बैलांच्या पाठीवरून नागपूरच्या बाजूला जाऊ लागलं. मुंबईतल्या शेअरबाजाराचं वेड आणि १८६५ चं दिवाळं आपण शाळेत वाचतो. त्या वेडाची शेपटी इथल्या धानाच्या कोठारापर्यंत पोचली होती, हे सहसा वाचनात येत नाही.

सेम्सच्या आठवणींत या साखळीचं दुसरं टोक सापडतं. सिंगापूरहून निघालेली ‘अलाबामा’ जानेवारी १८६४ मध्ये मलबार किनाऱ्याला आली. १४ तारखेला तिनं ‘एमा जेन’ नावाचं अमेरिकन जहाज पकडलं. ते मुंबईहून निघालं होतं, ब्रह्मदेशातल्या अ‍ॅमहर्स्टकडे चाललं होतं, आणि रिकामं होतं. पोटात माल नाही, तोल सांभाळण्यापुरतं वजन फक्त. मी त्या ओळीपाशी बराच वेळ थांबले. जानेवारी १८६४ ची मुंबई म्हणजे धक्क्यावर कापसाच्या गासड्यांचे डोंगर. त्या मुंबईतून एक भलं मोठं जहाज रिकामं निघतं, कारण अमेरिकन झेंड्याखालच्या जहाजात माल चढवायला कोणी तयार नाही. ‘अलाबामा’च्या नुसत्या नावानं ती जहाजं निकामी झाली होती. ‘एमा जेन’ जाळण्यात आलं आणि त्यावरच्या माणसांना त्रावणकोरच्या किनाऱ्यावर अंजेंगोला उतरवून देण्यात आलं. अंजेंगोच्या कोळ्यांनी त्या दिवशी ही परकी, सामान गमावलेली माणसं वाळूवर उभी पाहिली असणार.

म्हणून मुलांना घेऊन हे करून बघावंसं वाटलं. त्यात स्वार्थही होता. मी समुद्रावर कधी राहिलेली नाही. जहाजावरच्या दिवसाचा अनुवाद करताना शब्द मिळत, पण त्यांच्यामागचा थकवा मिळत नसे. चार तास पहारा, चार तास झोप, पुन्हा चार तास पहारा, हे लिहायला एक ओळ पुरते.

आम्ही रात्री आठ ते सकाळी आठ अशी वेळ ठरवली. म्हणजे तीन पहारे: आठ ते बारा, बारा ते चार, चार ते आठ. बारा मुलं, दोन तुकड्या. दर अर्ध्या तासानं टोल: साडेआठला एक, नऊला दोन, असं करत बाराला आठ, आणि मग पुन्हा एकपासून. हुकूम कोणत्या भाषेत द्यायचे, हा प्रश्न होता. ‘अलाबामा’वर अर्थात इंग्रजीच चालत असे. पण मला माझ्या कामासाठी हिंदी महासागरातल्या खलाशांची बोली हवी होती, म्हणून मी थॉमस रोबकचा कोश काढला. कंपनीच्या फौजेतल्या या लेफ्टनंटानं १८११ साली कलकत्त्याहून इंग्रजी-हिंदुस्तानी नौकाकोश छापला. गोऱ्या अधिकाऱ्यांना आपल्या लस्करांना, म्हणजे देशी खलाशांना, हुकूम देता यावेत एवढाच त्याचा हेतू. अमिताव घोषांच्या कादंबऱ्यांमुळे तो पुन्हा लोकांच्या माहितीत आला.

त्या कोशातली भाषा कोणा एकाची नाही. पुढची डोलकाठी म्हणजे त्रिकट, हा पोर्तुगीजातून आलेला शब्द. मधली बडा डोल, मागची कलमी. उजवी बाजू जमना, ती गुजरातीतून, आणि डावी डावा, आपल्याच घरातली. ‘हबेस’ म्हटलं की सगळ्यांनी मिळून ओढायचं, ‘आरिया’ म्हटलं की सैल सोडायचं. सारंग, तांडेल, भंडारी ही नावं तर कोकणातल्या वाचकाला समजावून सांगायची गरजच नाही. मुलांनी दहा मिनिटांत हे शब्द उचलले. जमना आणि डावा अशाच दोन तुकड्या झाल्या. पाण्याच्या टाकीला बांधलेला दोर ‘हबेस, हबेस’ करत ओढताना त्यांना जी मजा आली, ती बघून मला कोश तयार करणाऱ्यापेक्षा ते शब्द घडवणाऱ्यांविषयी जास्त आदर वाटला.

खाणंही ठरवून केलं होतं. मैदा, पाणी आणि मीठ एवढ्यावर भाजलेली जहाजी बिस्किटं, दगडासारखी. ती वरणात भिजवूनच खाता आली. पाणी मोजून दिलं. पहाटे दोनच्या सुमारास जमना तुकडीतल्या एका मुलीनं रडवेल्या आवाजात विचारलं, की झोपलेल्यांना उठवायला अजून किती टोल आहेत. चार होते. तेव्हा मला ती एक ओळ कळली, जी मी दुपारी पंख्याखाली बसून लिहिली होती.

पण मला सांगायची गोष्ट वेगळी आहे. ती आदल्या आठवड्यातल्या वाचनाच्या वेळी घडली.

मी मुलांसाठी एक संहिता लिहिली होती. पात्रं खरी: सेम्स, त्याचा पहिला अधिकारी केल, आणि फुलम, जो पकडलेल्या जहाजांवर तपासणीला जाई. आणि डेव्हिड. डेव्हिड हेन्री व्हाइट हा सतरा वर्षांचा काळा मुलगा. अमेरिकेतल्या डेलावेअर राज्यातला, सेम्सच्या म्हणण्यानुसार गुलाम. तो फिलाडेल्फियाहून ‘टोनावांडा’ या जहाजानं लिव्हरपूलला निघाला होता. ९ ऑक्टोबर १८६२ रोजी ‘अलाबामा’नं ते जहाज अडवलं. बायका-मुलं वगैरे उतारू बरेच असल्यानं जहाज जाळलं नाही, हमीपत्र लिहून घेऊन सोडून दिलं. डेव्हिडला मात्र ठेवून घेतलं. डेलावेअर हे गुलामी चालू असलेलं, पण उत्तरेकडे राहिलेलं राज्य, त्यामुळे डेव्हिड ही शत्रूची मालमत्ता, असा वकील सेम्सचा युक्तिवाद. पुढे तोच सेम्स लिहितो, की आपण त्याला मुक्त केलं, खलाशांच्या यादीत त्याचं नाव घातलं, पगार दिला, आणि त्याला अधिकाऱ्यांच्या जेवणाच्या टेबलावर वाढायला ठेवलं. बंदरांमध्ये उत्तरेच्या लोकांनी त्याला पळून जायला सांगितलं, पण तो जहाजावर सुखी होता, म्हणून गेला नाही, असंही त्यानं नोंदवलं आहे. इतर अधिकाऱ्यांच्या आठवणींतही डेव्ह सगळ्यांचा लाडका आहे.

माझी पहिली अडचण अनुवादकाची होती. इंग्रजीत त्याला ‘बॉय’ म्हटलं आहे. हा शब्द गोऱ्यांनी काळ्या माणसाला कुठल्याही वयात लावला, आणि इथं तर तो सतरा वर्षांचा होता. ‘मुलगा’ म्हटलं तर शब्दातला तुच्छपणा धुऊन निघतो. ‘गडी’ म्हटलं तर शेतातला वाटतो. शेवटी मी ‘पोऱ्या’ लिहिलं. चहाच्या टपरीवर कप धुणाऱ्याला आपण म्हणतो तो पोऱ्या. प्रेमानं म्हणतो, हसून म्हणतो, आणि त्याचं नाव विचारत नाही. लिहिल्यावर बरं वाटलं, कारण शब्द बसला होता. आणि वाईट वाटलं, तेही त्याच कारणानं.

दुसरी अडचण मला तेव्हा दिसलीच नव्हती. नाटक चांगलं व्हावं म्हणून मी डेव्हिडला संवाद दिले होते. सेम्सनं लिहिलेल्यावरूनच तयार केलेले: मी इथं सुखी आहे, कप्तानसाहेब मला चांगलं वागवतात, मला कुठं जायचं नाही. नववीतला एक मुलगा डेव्हिडचं काम करत होता. शेजारच्या गल्लीतला, घरी छत्तीसगढी बोलणारा. माझं मराठी त्याला बऱ्यापैकी कळे. त्यानं तो संवाद एकदा वाचला, दुसऱ्यांदा वाचला आणि कागद खाली ठेवून विचारलं, “आंटी, ये उसने खुद कहा था क्या?”

मी म्हटलं, कप्तानानं तसं लिहून ठेवलंय.

तो म्हणाला, “कप्तान तो कहेगा ही ना.”

बाकीची मुलं हसली. मी त्या रात्री संहिता उघडून बसले. वर्षभर ज्या मजकुराचा अनुवाद करत होते, त्यातलं हे भगदाड मला दिसलं नव्हतं आणि एका चौदा वर्षांच्या मुलाला दोन वाचनांत दिसलं होतं. डेव्हिड व्हाइटचा एक शब्दही शिल्लक नाही. तो सुखी होता हे सांगणारे सगळे लोक त्याच्याकडून ताट वाढून घेणारे आहेत. शिवाय एक गोष्ट सेम्सच्या युक्तिवादात कुठंच येत नाही. डेव्हिड ज्या लिव्हरपूलला निघाला होता, तिथं गुलामी कायद्यानं नव्हती. जहाज पोचलं असतं, तर किनाऱ्यावर पाय ठेवताच त्याला ‘मी कोणाचा गुलाम नाही’ म्हणण्याची वाट मोकळी होती. ज्या कप्तानानं त्याला मुक्त केल्याचं श्रेय घेतलं, त्यानंच ती वाट मध्ये अडवली. हे सगळं माझ्या समोरच्या पानांत होतं. मी ते दोन वेगवेगळ्या दिवशी अनुवादित केलं होतं, इतकंच.

मग मी डेव्हिडचे सगळे संवाद काढून टाकले.

मुलगा नाराज झाला. साहजिक आहे, त्याला काम हवं होतं. आम्ही बसून ठरवलं, की डेव्हिड रात्रभर जहाजावर असेल. तो बिस्किटं वाढेल, थाळ्या उचलेल, दर अर्ध्या तासाचा टोल देईल. अधिकारी त्याच्याविषयी बोलतील. तो बोलणार नाही.

गच्चीवरच्या त्या रात्री हे फार साधेपणानं घडलं. सेम्स झालेला मुलगा मोठ्या आवाजात सांगत होता, की हा इथं किती आनंदात आहे, आणि तो आनंदात असलेला माणूस समोर थाळ्या गोळा करत होता. मुलं पहिल्या वेळी हसली. दुसऱ्या वेळी हसली नाहीत. केप टाउनचा प्रसंगही आम्ही वाचला. ऑगस्ट १८६३ मध्ये ‘अलाबामा’ तिथं आली तेव्हा गावच्या गाव बघायला लोटलं. त्या जहाजावरचं लोकगीत तिथले केप मलाय लोक आजही गातात. त्यांच्या पूर्वजांपैकी कित्येकांना हिंदुस्तानातून आणि पूर्वेच्या बेटांवरून गुलाम म्हणून तिथं नेलं होतं. जहाज सुंदर होतं, त्याचं येणं हा उत्सव होता, आणि ते कशासाठी लढतंय हे त्याच्या शिडांवर लिहिलेलं नव्हतं. मलाही कॉलेजात ‘अलाबामा’ आवडली होती ती अशीच.

सकाळी शेवटचा प्रसंग होता तो शेरबूर्गचा. जहाज बुडायला लागलं. सेम्सनं तलवार समुद्रात फेकली, एका इंग्रज श्रीमंताच्या ‘डिअरहाउंड’ या यॉटनं त्याला पाण्यातून उचललं आणि तो इंग्लंडला निसटला. आमच्या गच्चीवर ज्याची त्याची पाळी आली की तो पुढे येऊन आपल्या माणसाचं पुढे काय झालं ते सांगत होता. मी एका मुलीला समोरच्या जहाजावरचा जोआकिम पीझ दिला होता. ‘किअरसार्ज’वरचा काळा खलाशी, त्या दिवशीच्या तोफेवरच्या कामगिरीसाठी अमेरिकेचं सर्वोच्च शौर्यपदक जाहीर झालेला. त्याच समुद्रात, त्याच सकाळी. मग डेव्हिड पुढे आला आणि उभा राहिला. त्याच्या वतीनं दुसऱ्या मुलानं वाचलं: नाव डेव्हिड हेन्री व्हाइट. डेलावेअरचा. पकडला तेव्हा वय सतरा. १९ जून १८६४ ला बुडून मेला. त्याला पोहता येत नव्हतं.

एवढंच. यापुढे त्याच्या तोंडी काही घालायला मी धजावले नाही.

रोबकच्या कोशाचा आणखी एक उपयोग झाला, तो मला अपेक्षित नव्हता. रायपूरमध्ये १८५७ च्या उठावाची दोन नावं प्रत्येकाला ठाऊक आहेत. एक सोनाखानचे जमीनदार वीर नारायणसिंह, ज्यांना १० डिसेंबर १८५७ रोजी रायपुरात फाशी दिलं गेलं. दुसरं हनुमानसिंह. १८ जानेवारी १८५८ च्या संध्याकाळी इथल्या छावणीत त्यांनी सार्जंट मेजर सिडवेलला ठार केलं. उठाव काही तासांत मोडला, २२ तारखेला सतरा जणांना सगळ्यांसमोर फाशी दिली. हनुमानसिंह मात्र निसटले आणि कधीच सापडले नाहीत. त्यांचा हुद्दा इथल्या पुस्तिकांमध्ये ‘मैगजीन लश्कर’ असा छापलेला असतो. लहानपणापासून मी तो ‘दारूगोळ्याच्या लष्करातला शिपाई’ असा वाचत आले. लष्कर म्हणजे फौज, त्यात विचार काय करायचा?

कोश हाताळताना लक्षात आलं, की हा तोच शब्द आहे. फारसी लश्करचा इंग्रजांच्या तोंडी झाला लास्कर. समुद्रावर तो खलाशाला लागला. जमिनीवर कंपनीच्या फौजेत तो तोफा ओढणाऱ्या, तंबू ठोकणाऱ्या, दारूगोळ्याची पिंपं वाहणाऱ्या माणसांना लागला. ‘हबेस’ म्हटल्यावर ओढणारे आणि दारूखान्यात ओझी उचलणारे, साहेबांच्या नोंदवहीत दोघे एकाच नावाचे. समुद्रापासून शेकडो किलोमीटरवरच्या या गावात सर्वांत धाडसी काम करणाऱ्या माणसाच्या हुद्द्यात जहाजावरचा शब्द होता, आणि मी त्यावरून चाळीस वर्षं चालत गेले होते.

हनुमानसिंहांचंही स्वतःचं एक वाक्य आपल्यापाशी नाही. जे आहे ते त्यांना शोधणाऱ्यांनी लिहिलेलं. दर जानेवारीत त्यांच्यावर भाषणं होतात, कधी शाळेत नाटुकली होतात, आणि त्यांना मोठमोठे संवाद दिले जातात. ते देणाऱ्यांचा हेतू सेम्ससारखा नाही, उलट चांगलाच आहे. तरी मला आता ते ऐकताना नववीतल्या त्या मुलाचा प्रश्न आठवतो.

त्या मातांना मी आज एवढंच सांगेन, की समुद्राचं नाटक रायपुरात करून मुलं खलाशी झाली नाहीत. एक रात्र जागली, कडक बिस्किटं खाल्ली, आणि लिहून ठेवलेलं कोणाच्या हातचं आहे हे विचारायला शिकली. माझा अनुवाद पुढच्या उन्हाळ्यात पूर्ण झाला. ‘पोऱ्या’ हा शब्द मी तसाच ठेवला, कारण सेम्सच्या तोंडी तोच शोभतो. प्रस्तावनेत मात्र मी त्याचं पूर्ण नाव लिहिलं आहे. डेव्हिडचं काम करणारा मुलगा आता अकरावीत आहे. मरीन ड्राइव्हवर परवा भेटला, तेव्हा त्यानं हसून हात वर केला आणि हवेत टोल दिल्यासारखं केलं. आठ वेळा.